टेपमधला नवरदेव

माझा गळा चांगला नाही. लहानपणीही नव्हता. शाळेत मी चौथीपर्यंत होते, तेवढ्या काळात गुरुजींनी प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. म्हणून लग्न होऊन या घरात आले तेव्हा गावातल्या बायका हसल्या. सासू पाच गावांची धवलारीण आणि सून ही अशी.

धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. आम्हा आगरी लोकांत लग्न तिच्या तोंडावर चालतं. मांडव घालायचा धवला वेगळा, हळद कांडायचा वेगळा, नवऱ्याला तेल लावायचा वेगळा. तो गायला की मग ते काम होतं, त्याशिवाय हात लावायचा नाही. माझी सासू दिवसभर मिठागरात डोक्यावर मीठ वाहायची आणि लग्नसराईत अंघोळ करून, लुगडं बदलून गायला जायची. शिरवण्यापासून खाडीकाठच्या गावांपर्यंत लोक तिला बोलवायला यायचे. आवाज गोड नव्हता. पण मिठागराच्या एका बांधावरून तिने हाक मारली तर तिसऱ्या बांधावरचा माणूस वळून बघायचा, असा होता. कला वगैरे शब्द तिला माहीत नव्हते. मला पण ते पुढे रेडिओवरून कळले.

मग सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या. मिठागरं गेली, शेतं गेली. कोणी कंपनीत लागले, कोणी बोटीवर गेले. माझा धाकटा दीर आखातात वेल्डर म्हणून गेला आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आला तो जपानी टेपरेकॉर्डर घेऊन. दोन स्पीकरचा, वर धरायला दांडी, पुढे लाल दिवा. अख्खं गाव बघायला आलं. सोबत त्याने इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी आणल्या होत्या. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी सगळे नाचायचे. मीही नाचले. खोटं कशाला बोलू, मला ती गाणी आवडायची. नाचायला गळा लागत नाही.

त्यानंतर लग्नालग्नात तेच सुरू झालं. मांडवात एकीकडे सासू धवला गाते आहे आणि दुसरीकडे लाउडस्पीकरवर इंग्रजी बाई किंचाळते आहे. सासूचा धवला पाटावर बसलेल्या नवऱ्यालाच काय तो ऐकू जायचा. ती थांबायची नाही. पूर्ण करूनच उठायची.

आता लोक म्हणतात, परदेशी वस्तूंनी आपली कला मारली. मी तिथेच होते, मी तसं म्हणणार नाही. टेप यायच्या आधीच गावातली एकही पोर धवला शिकायला तयार नव्हती. सासूने तिघींना विचारलं, तिघी लाजल्या. चौथी मी, मला तिने विचारलंच नाही. मला बरंच वाटलं. आणि आपलं आपलं तरी काय? हळदीला आम्ही जो बेंजो वाजवतो, टाइपरायटरसारखी बटणं असतात तो, त्याच्यासारखंच वाद्य दिराने तिकडे एका जपानी माणसाच्या खोलीत पाहिलं होतं. तो म्हणाला, हे मूळचं त्यांच्याकडचं. त्यावर बेंजो पार्टीवाले त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

त्याच सुट्टीत आमच्या आळीतल्या एका मुलाचं लग्न होतं. सासू गायला बसली आणि दिराने टेप तिच्यासमोर ठेवून लाल बटण दाबलं. तिला वाटलं तो नेहमीसारखी गाणी लावणार, म्हणून तिने त्याच्याकडे डोळे वटारले आणि गायला लागली. घरी आल्यावर त्याने ते लावून दाखवलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"ही कोन गो म्हातारी? हिचा दम पुरत नाय."

"आय, ती तूच हाय," दीर म्हणाला.

ती टेपच्या जवळ सरकली. मग म्हणाली, परत लाव. तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा तिने चुका मोजून दाखवल्या. इथे घाई केली, इथे तंबाखू दाढेत होती. पण त्या दिवसापासून टेपवर धूळ दिसली की तीच पुसायची, पदराने.

वर्षभरात तिचा घसा बसला. पनवेलच्या डॉक्टरने मुंबईला पाठवलं, तिथे घशाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, आवाज गेला. उरलं ते नुसतं कुजबुजणं, कानाशी तोंड नेलं तर कळेल एवढं. रडली नाही. पण लग्नाचं बोलावणं आलं की मला पाठवायची, नाही म्हणून सांगायला. स्वतः बाहेर यायची नाही.

आणि त्यातच दिराचं लग्न ठरलं. तिला एकच गोष्ट हवी होती. पाच गावांतल्या पोरांना तिने हळद लावून दिली, आता स्वतःच्या धाकट्याला दुसऱ्या बाईच्या तोंडून लागणार, हे तिला सोसत नव्हतं. शेजारच्या गावच्या धवलारणीला बोलवू या असं सासऱ्यांनी म्हटलं की ती तोंड फिरवायची. दीर सुट्टीवर आला, त्याने हे ऐकलं आणि टेपवर हात ठेवला.

"आय, टेन्शन नको घेऊस. माझ्या हलदीला तूच गाशील."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. सासूने मान हलवली आणि बऱ्याच महिन्यांनी हसली. दुसऱ्या धवलारणीला कोणी सांगितलं नाही, ती त्या दिवशी भलत्याच गावी दुसऱ्या लग्नाला गेली.

हळदीच्या सकाळी मांडव भरला. दीर पाटावर बसला. टेप उंच स्टुलावर ठेवला, त्याला बाशिंग बांधायचं तेवढं बाकी होतं. सासू नवी साडी नेसून पुढे बसली. बटण दाबलं आणि तिचा जुना आवाज आला. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी सासूकडे बघत होते. तिचे ओठ टेपबरोबर हलत होते.

मग नाव आलं.

धवल्यात नवऱ्याचं नाव घेतात, त्याच्या बापाचं घेतात, घराण्याचं घेतात. हे आम्हाला जन्मापासून माहीत. तरी घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की कॅसेटमध्ये नाव गेल्या वेळच्या नवऱ्याचं आहे. टेपमधली सासू मोकळ्या गळ्याने आळीतल्या त्या मुलाला हळद लावत होती, त्याच्या बापाचा मान करत होती, आणि पाटावर आमचा दीर बसला होता. तो मुलगा मांडवातच होता, बायकोबरोबर. त्याची बायको उठून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला परत हलद लावता का? मी हाय ना अजून घरात."

मांडव हसला. नवरीकडून उष्टी हळद न्यायला आलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत. भलत्याच्या नावाने हळद लागली तर ती कोणाला लागली, असं त्यांच्यातली एक मोठ्याने बोलली. दिराने हात वर केला, बंद करा म्हणाला. मी बंद केला. सासूकडे बघवत नव्हतं. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज येत नव्हता.

तिने माझा हात धरला आणि मला खाली ओढलं. कानाला तोंड लावलं.

"तू बोल."

"आत्या, माझा गला तुमाला ठाव हाय ना."

"लोकांना गला नाय, नवऱ्याचं नाव आयकायचं हाय."

मी बसले. तिने एक ओळ कानात सांगितली, ती मी मोठ्याने म्हटली. मग दुसरी. तिचा श्वास कानात गरम लागत होता. माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. मागे पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी थांबले तर ती मांडीला चिमटा काढायची. नाव यायची ओळ आली तेव्हा तिने नाव सांगितलं आणि मी ते घेतलं, दिराचं, सासऱ्यांचं, घराण्याचं. नवरीकडच्या बाईने मान हलवली आणि दिराच्या कपाळाला हळद लागली.

धवला संपल्यावर सासूने परत मला खाली ओढलं.

"कावल्यावानी गायलीस," ती म्हणाली. मग पाणी मागितलं.

दिराने टेपमध्ये इंग्रजी कॅसेट घातली आणि सगळ्या बायका उठल्या. सासूही उठली. मोठा आवाज करा, असं हातानेच सांगत होती.

बाकीचे धवले मी पुढे त्याच कॅसेटवरून शिकले. घर रिकामं असलं की सासू टेप लावायची आणि मी पाठोपाठ म्हणायचे, नाव आलं की बटण दाबून टेप थांबवायचे. मग लोक मला बोलवायला लागले. आवाज आवडला म्हणून नव्हे, दुसरी कोणी उरली नव्हती. पंचवीस-तीस लग्नं लावली मी.

कॅसेटमधला तो नवरदेव आता आजोबा झाला. परवा बाजारात भेटला, विचारत होता, आहे का अजून ती कॅसेट? आहे म्हटलं. वाजवायचं यंत्र मात्र कधीच मोडलं, आणि तसलं आता कुठे मिळत नाही.