जयाने केलेली पहिली प्लेट

जया गजभिये १९७४ साली डॉक्टर खानझोड्यांच्या धंतोलीतल्या दवाखान्यात लागली, ती झाडपूस करायला आणि हत्यारं उकळत्या पाण्यात टाकायला. डॉक्टर वाकडे दात सरळ करीत. जया विज्ञान घेऊन मॅट्रिक झालेली, इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून सायकलने यायची. माझ्या अरुंधतीचे पुढचे दात एकावर एक चढलेले, म्हणून पुढे आमचं तिथे दर महिन्याला जाणं सुरू झालं. बाकावर बसून बसून जयाची हकीकत कळत गेली. घरी आल्यावर वहीत लिहायची मला सवय आहे, त्यातूनच हे काढलं.

आतल्या खोलीत बाबाराव बसत. डॉक्टरांनी तोंडाचं माप घेतलं की त्यात प्लास्टर ओतून दातांचा साचा करायचा आणि त्यावर तार वाकवून तोंडात घालायची प्लास्टिकची गुलाबी प्लेट बनवायची, हे त्यांचं काम. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी जयाला हाताशी घेतलं. वर्षभर नुसतं प्लास्टर. एक बुडबुडा राहिला तरी साचा फोडायला लावत. मग तार.

"काहून वं, इतकी दाबून राहिली? तार हाये, ऊस नाही."

"तुमाले तर दिसत नाही बाबाराव, मंग समजलं कसं?"

"आवाज येते."

या कामाचा दोन वर्षांचा सरकारी कोर्स होता. तो केला की पक्की नोकरी. अर्जासोबत डॉक्टरांचं पत्र लागे, हिला काम येतं असं. वय पंचवीस पुरं झालेलं चालत नसे, आणि जयाला पंचविसावं लागलेलं. पुढचं वर्ष तिला नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "एक प्लेट पूर्ण तुझ्या हातची कर. महिनाभर तोंडात नीट बसली तर पत्र देतो." ती प्लेट अरुंधतीची. ऑगस्ट १९७८. अर्जाची मुदत पंधरा सप्टेंबर.

प्लेट छान बसली. पोरगी ती घालून श्लोकसुद्धा म्हणू लागली.

मग आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी अरुंधती कुमारिका म्हणून पानावर बसणार, आणि तोंडात ही उष्टी वस्तू. दवाखान्यात सगळं उकळूनच घेतात हे मी दर महिन्याला पाहत होते. मी प्लेट पातेल्यात टाकली, चांगली पाव तास उकळली, पुसून तिला दिली. ती बसेचना. वाटलं, सवय मोडली असेल.

बारा तारखेला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी प्लेट दाबून पाहिली. अरुंधतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काम कच्चं राहिलं, जया. आता पत्र कसं देऊ?"

जया आत जाऊन एक साचा घेऊन आली. बाबारावांची पद्धत अशी की प्रत्येक तोंडाचे दोन साचे करायचे. प्लेट काढताना एक फुटतो, दुसरा नाव घालून फळीवर ठेवायचा. तिने प्लेट त्यावर ठेवली. ती डुगडुगली.

"सर, देली त्या दिवशी याच साच्यावर बसली होती. तुमीच पाह्यली." मग तिने ती खिडकीपाशी धरली. गुलाबी रंगावर पांढुरकी झाक आली होती. "हिले गरम पाणी लागलं."

"कशावरून?"

तिने डब्यातून एक जुनी, टाकून दिलेली प्लेट काढली, फळीवरच्या तिच्या साच्यावर नीट बसते हे दाखवलं आणि हत्यारांच्या उकळत्या पाण्यात सोडली. आम्ही सगळे वाट पाहत बसलो. बाबारावही दारात येऊन उभे राहिले. चिमट्याने बाहेर काढली तेव्हा ती तशीच पांढुरकी झाली होती, आणि तिच्या साच्यावर बसेना.

जयाने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "काकू?"

"मी उकळली," मी म्हणाले. "महालक्ष्म्या होत्या. उष्टी म्हणून."

"उष्टी म्हणून, का माह्या हातची म्हणून?"

डॉक्टर उगाच कागद चाळू लागले. उष्टी म्हणून, असं मी पुन्हा सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण अरुंधतीचा रोजचा चमचा मी नुसता घासते, सणाला उकळत नाही, हे तिथे बसल्या बसल्या आठवलं. तेही मी बोलून दाखवलं.

"बरं," जया म्हणाली. "अरुंधती, तोंड उघड. नवीन माप घ्या लागते."

डॉक्टरांनी पत्र त्याच दुपारी लिहिलं. अर्ज ती स्वतः नेऊन देऊन आली. दोन वर्षांनी कोर्स झाला आणि ती सरकारी दवाखान्यात लागली. आता तिच्या हाताखाली दोन मुली शिकतात, आणि बुडबुडा दिसला की साचा फोडायला लावते म्हणे.

त्या वेळी अरुंधतीची दुसरी प्लेट तिनेच केली. डबीत तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ती मी वहीत चिकटवून ठेवली आहे: 'गार पाण्याने धुणे. सणावारीसुद्धा.'