कुरणातली वाट

वेल्सला मुलीकडे आलो की मी एकटाच बसने भटकतो. खोऱ्याच्या टोकाला बस सोडते आणि तिथून पायवाट माळावर चढते. काल अशीच एक वाट थेट एका शेतकऱ्याच्या कुरणातूनच गेली. समोरून तो स्वतः येताना दिसला, तसा मी भांडायच्या तयारीनेच उभा राहिलो. तो हसून एवढंच म्हणाला, "फाटक तेवढं लावून घ्या, मेंढ्या पळतात." इथल्या कायद्याने वाट पूर्वापार सगळ्यांची होती, तरी कुरण त्याचंच राहिलं होतं.

फाटकाची गार कडी लावताना मला गावाकडची आमची वाट आठवली. स्वकष्टाने बांधलेल्या माझ्या घराच्या वास्तुशांतीला थोरला भाऊ आला नाही, म्हणून माझ्या शेतातून त्याच्या मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मी काटेरी तार ओढली. तेव्हापासून सत्तरीतला तो माणूस ओढ्याला वळसा घालून जातो. चूक त्याचीच होती, आजही म्हणतो.

परतीच्या बसथांब्यावरून फोन लावला.

"दादा, तार काढतोय. पण फाटक बसवणार. जाता-येता लावून घ्यायचं."

"आणि विसरलो तर?"

"तर भांडायला घरी ये. अजून पाहिलं नाहीस तू घर."