पालमचा 'सक्सेसफुल' बॅकअप

"सर, बॅकअपची एक बी फाईल उघडंना," सुमनताई म्हणाल्या.

पालमच्या एका शेळीपालन केंद्राचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सुमनताई तिथल्या ऑपरेटर. सारखी लाईट जाऊन-येऊन कॉम्प्युटरची आतली डिस्क गेली होती. प्रत्येक शेळीची वंशावळ त्यातच. दुसऱ्या दिवशी सभासदांना बोकड वाटायचे होते. वंशावळ नसली तर एखादा बोकड स्वतःच्याच बहिणींच्या कळपात जाणार आणि पुढची पिल्लं कमजोर निपजणार.

"बॅकअप रोज घेत होता ना?"

"रोज. 'सक्सेसफुल' आलं की बॅकअपची डिस्क काढायची, पर्समध्ये टाकायची अन् पळत साडेपाचची एसटी धरायची. डिस्क घरी न्या म्हणून तुमीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. केंद्रात चोरी झाली, आग लागली तरी एक प्रत वाचावी म्हणून. पण घोळ पुढे मीच घातला. बॅकअपला फार वेळ लागतो म्हणून त्या डिस्कचं राइट कॅशिंग चालू केलं. म्हणजे कॉम्प्युटर माहिती आधी आपल्या मेमरीत ठेवतो, 'झालं' म्हणून सांगून मोकळा होतो आणि डिस्कवर मागाहून सवडीने लिहितो. ताई नेमक्या तेवढ्यात केबल उपटत होत्या. तेव्हापासूनची प्रत्येक फाईल अर्धवट.

त्याआधीची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर होती, ती उघडली. पण नंतर जन्मलेल्या पिल्लांचं काय?

"चंद्राबाईला इचारू," ताई म्हणाल्या.

चंद्राबाई राणीसावरगावच्या, केंद्राच्या शेळ्या राखतात. गोठ्यात उभ्या राहून त्या सांगू लागल्या. "ही भुरीची. भुरी बांडीची, अन् बांडी त्या मोडक्या शिंगाच्या म्हातारीची." ताई कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचायच्या, मी टाईप करायचो. मधेच जुन्या फाईलमधल्या शेळ्या मी मुद्दाम विचारल्या. एक सोडून सगळ्या जुळल्या. त्या एकीपाशी ताईंनी जीभ चावली. मागे नंबर टाकताना त्यांचाच हात चुकला होता. मी थक्क झालो. एवढी बिनचूक माहिती मी कुठल्याच ऑफिसात पाहिली नव्हती.

"तुमच्या मशीनला येवढं बी ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय?" चंद्राबाईंनी विचारलं.

"ध्यानात होतं, मावशी. लिहून व्हायच्या आत केबल निघाली."

"मग लिहून झालं का न्हाई, ते बघायला नगं?"

बोकड ठरल्या दिवशीच वाटले गेले. कॅशिंग मी बंद केलं. आता फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय डिस्क पर्समध्ये जात नाही. ताईंची एसटी अधूनमधून चुकते. वीस वर्षांच्या नोकरीत चंद्राबाईंचा तो प्रश्न मला एकाही साहेबाने विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.