अठराचं घर

शनिवारी सकाळी मी आणि बायकोने शाळेच्या पटांगणात चुन्याची फक्की मारली. दोर तिच्या हातात, डबा माझ्या. आयुष्यभर मिठागरात बांध घातलेत, माझी रेघ सरळ पडते.

आमचं गाव खाडीकाठी, पेणला जायचं तर वडखळवरून. बायको शाळेत खिचडी शिजवायची. चार वर्गांना मिळून एकच बाई, म्हणून खेळाचा तास त्यांनी हिच्यावर सोपवलेला. हिने स्वतःच एक खेळ काढला. जमिनीवर घरं आखायची, घराघरात आकडा. ही ओरडणार, "बे नवे?" की पोरांनी अठराच्या घरात धावायचं. घरात तिघंच मावणार. उरतील ती बाद. पोरं पाढे शिकली आणि धापाही टाकायला लागली.

एका पोरीचा पाय अधू आहे. उत्तर तिला सगळ्यांच्या आधी कळतं, पण पोचते शेवटी. रोज बाद.

त्या शनिवारी आखताना बायको म्हणाली, "अवो, घरं मोठी आखा. सगळी मावली पायजेत."

"मग खेळ कसला गो? धावता येत नाय तिनं बसावं."

पोर मागेच उभी होती. भिंतीशी जाऊन बसली.

"तिला पाढा येतो. तुमाला येतो काय? सांगा, बे नवे किती?"

मी दुसरी शिकलेला. पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला, घर मुद्दाम तेवढंच आखलं. तिने दोर धरला, पण घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुपारी भांडी घासता घासता ती खाली बसली. छातीत कळ. रिक्षात घातली. वडखळचा नाका यायच्या आतच गेली. वाटेत फक्त पाणी मागितलं.

लेक रोह्याहून आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. लेक म्हणाली, "बाबा, आता रोह्याला चला." मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी फक्कीचा डबा उचलला तर शेजारी म्हणाला, "सुतक हाय, कुठं चाललास?" मी दोर खांद्यावर टाकला आणि निघालो.

रविवार. शाळेला कुलूप, पटांगणात कुत्रं पण नाही. अठराच्या घराची रेघ पायाने पुसली. दोराचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. दगडाखाली ठेवलं, ते निसटलं. दोर टाकून दिला आणि नजरेनेच आखत गेलो. सगळी पोरं उभी राहतील एवढं घर केलं. रेघ वाकडी आली.

मग बाकीची घरं पुसून मोठी करायला घेतली. फक्की संपली तेव्हा चार राहिली होती.