मंदा सिस्टरांचं एका ओळीचं उत्तर

मंदा सिस्टर गेल्याचं मला रुग्णालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात मीही माझे दोन हात जोडले आणि कामाला लागले. त्याला आता दीड महिना झाला. शोकसभेत त्यांना सेवेची मूर्ती म्हणणारे रुग्णालयाचे मोठे साहेब तेच, ज्यांनी त्यांना बाळांच्या खोलीतून काढलं होतं. मी मान खाली घालून ऐकत होते.

आमच्या किनाऱ्यावरच्या त्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली मंदा सिस्टर सांभाळायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवी होते. आत येणाऱ्याला, मग तो डॉक्टर का असेना, कोपरापर्यंत हात धुवायला लावायच्या. सर्दी झालेल्या आज्यांना दारातूनच परत पाठवायच्या. "माझा राग आला तरी चालेल आजी, पण खोकला आत नको," म्हणायच्या.

दिघीची सुवर्णा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी एवढीशी, की मांडी माझ्या अंगठ्याएवढी. तीन आठवडे उबेच्या काचपेटीत काढून ती जरा सावरली होती, त्याच सुमारास कुणीतरी देणगी दिलेल्या यंत्रांचा कार्यक्रम ठरला. मंदा सिस्टर जेवायला गेल्या होत्या. साहेब सात-आठ पाहुण्यांना घेऊन दारात आले. त्यातला एक रुमालात खोकत होता. "दोन मिनिटं, फोटोपुरतं," साहेब म्हणाले... आणि मी दार उघडलं. तो खोकणारा माणूस पेट्यांच्या झडपांतून हात घालून बाळांचे गाल चाचपत होता, तेव्हा मी कोपऱ्यात हसतमुख उभी होते.

चौथ्या दिवशी सुवर्णाच्या मुलीचं नाक भरलं. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जायच्या, मधेच श्वास थांबायचा. मोठ्या रुग्णालयात जागा नव्हती. शेजारच्या पेटीतला मुलगाही तसाच आजारी पडला. मंदा सिस्टर पाच दिवस घरी गेल्या नाहीत. ऑक्सिजनच्या काट्यावर नजर, नाकात सलाईनचे थेंब टाकून हलक्या हातानं ते मोकळं करणं, आईचं दूध नळीतून थेंबाथेंबानं सोडणं... श्वास थांबला की तळपायाला टिचकी मारायच्या. "रड गं बाई, शिव्या घाल मला, पण श्वास घे." मला त्यांनी एकदाच विचारलं, "त्या दिवशी आत कोण आलं होतं?" मी सगळं सांगितलं. त्या पुन्हा मुलीच्या पेटीवर वाकल्या. मग म्हणाल्या, "ती सलाईनची बाटली दे."

मुलगी वाचली. शेजारचा मुलगा गेला.

चौकशी लागली. कारणे दाखवा नोटीस मंदा सिस्टरांना आली, सही साहेबांची. त्यांनी एकच ओळ लिहिली: 'कक्षाची जबाबदारी माझी होती.' मला विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, की मी औषधं काढत होते, काही पाहिलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांना इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की फक्त विचारायच्या, "वजनं वाढतायत ना पोरांची?" त्या बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात सुवर्णा फेरीनं खाडी ओलांडून आली. मुलगी पहिलीत गेली म्हणून सिस्टरांसाठी पेढे आणले होते. त्या गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन ती बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, तवा त्या लोकांना आत कोनी सोडलं व्हतं हो? मंदाबायला विचारलं, तर ती सांगायचीच न्हाय."

"आता आठवत नाही," मी म्हटलं.

तिनं पुडा माझ्या हातात दिला आणि मुलीला घेऊन ती जेट्टीकडे निघाली.

दार मी उघडलं होतं, सुवर्णा. त्या खोलीची इन्चार्ज आता मी आहे.