रुसलेला सरदार

मुंबईच्या एका मासिकासाठी मी तेव्हा व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचे. काकांनी मस्कतहून आणलेल्या, हातात धरून खेळायच्या यंत्रावर एक युद्धाचा गेम चालला होता आणि मी पहिल्याच लढाईत अडकले होते. मासिकवाले म्हणत होते, गेम फार विनोदी आहे. कसला डोंबलाचा विनोद! माझ्या सैन्यातला एक म्हातारा सरदार फुरंगटून बसायचा, तो हलेना म्हणून मागचे कोणीच हलेनात, आणि शत्रू आम्हाला झोडपून काढायचा. परीक्षण उद्या पाठवायचं होतं आणि माझ्याकडे शिव्यांखेरीज मजकूर नव्हता.

ओटीवर बसलेल्या बाबांसमोर मी सगळा वैताग ओकला. ते गंभीरपणे म्हणाले, "अगो, तो रुसणारच! वयाने मोठा तो, आणि तू पुढे धाडतेस पोरासोरांना. आधी मान त्याला दे."

मी पहिली चाल म्हाताऱ्याला दिली. तो मिशीला पीळ देत उठला आणि अख्खं सैन्य त्याच्यामागे निघालं.

तेव्हा मला आमचा शिमगा आठवला. मानाचा नारळ आधी दुसऱ्याला दिला म्हणून एक मानकरी रुसले होते आणि गावाची पालखी दुपारपर्यंत उन्हात अडून राहिली होती. ते मानकरी म्हणजे आमचे बाबाच.

मी पोट धरधरून हसले. सुटले एकदाची! गेम खरोखरच विनोदी होता, आता परीक्षण लिहिता येणार होतं.

बाबा मात्र पडद्याकडेच बघत होते. "बघ," ते हळूच म्हणाले, "एवढंच तर मागत होता बिचारा."