साडभाऊंचं मद्रास

जगाच्या पाठीवर असं एकही शहर नसेल, जिथे माझे साडभाऊ वाट चुकतील किंवा उपाशी राहतील. हे मी ऐकीव सांगत नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चौघे समुद्र पाहायला मद्रासला गेलो होतो: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, आणि बाईंचे यजमान, म्हणजे हे साडभाऊ. ते पुसदच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढला की तो पाणी मारून आणलाय की कोरडा, हे डोळे मिटून सांगायचे. तोवर त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं शहर म्हणजे नागपूर. मद्रासची भाषा त्यांना येत नव्हती, आणि मद्रासला वऱ्हाडी येत नाही ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतली नाही.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी आम्हाला घेरलं, तेव्हा साडभाऊ ट्रंकेवर शांत बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी रस्त्याने जाणारा एक पोस्टमन गाठला, दोन्ही तळवे गालाखाली धरून झोपेची खूण केली आणि म्हणाले, "भाऊ, धरमशाळा कोनीकडं हाये?" पोस्टमन स्वतः सायकल हातात धरून आम्हाला दारापर्यंत सोडून गेला. मी थक्क झालो. ते म्हणाले, "पोस्टमन कोनाले खोटा पत्ता सांगत नाही, मास्तर. सवयच नाही त्याले." दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर आली त्या बसमध्ये बसवलं, शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं आणि त्याच बसने परत आणलं. मग दुसरी बस, मग तिसरी. बाईंना दर वेळी खिडकी. संध्याकाळपर्यंत कुठली बस कुठून वळते हे त्यांना असं पाठ झालं, की तिसऱ्या दिवशी एका मद्रासी गृहस्थाने त्यांनाच रस्ता विचारला आणि साडभाऊंनी तो हातवारे करून बरोबर सांगितला! मे महिन्याच्या उन्हाने तिथले लोक हैराण होते. साडभाऊ मात्र टोपी काखेत धरून चालत. "हे काय ऊन हाये? आपल्या इकडं एवढ्या उन्हात लोक लग्नं लावतात."

आणि जेवण! पाटी लावलेल्या, पंखे फिरणाऱ्या हॉटेलात ते पाऊल टाकत नसत. दुपारी हातगाड्या ओढणारे जिकडे वळतील त्यांच्या मागे जायचं, खानावळीसमोर थोडा वेळ उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे पाहायचे. चेहरे पसंत पडले की आत जाऊन भाताचं एक शीत उचलायचं आणि कापसासारखं बोटांत चोळून पारखायचं. बंदराकडच्या एका जाडजूड खानावळवाल्याला पहिल्या दिवशी याचा भयंकर राग आला. चौथ्या दिवशी मात्र आम्ही दारात दिसताच तो स्वतः पळीत भात घेऊन बाहेर आला आणि साडभाऊंच्या तोंडाकडे बघत निकालाची वाट पाहू लागला. साडभाऊंनी मान डोलावली तेव्हाच त्याने केळीची पानं मांडली.

पाचव्या दिवशी मात्र माझा तोल गेला. बायकोला एकदा तरी संगमरवरी टेबलावर बसून जेवायचं होतं. संध्याकाळी समुद्रावर, वाळूत दोघी बहिणी पुढे गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, आपण इथे मजा करायला आलो की दिवस काढायला?"

साडभाऊ थांबले. "दिवसच काढाले आलो, मास्तर. लय दिवस काढाचे हायेत. तुमच्या त्या टेबलावर जेवलो तं उद्या परत जा लागन."

"पण एवढे दिवस कशाला?"

"तिचे डोळे जाऊन राह्यले," ते म्हणाले. "यवतमाळचा डाक्टर म्हणे, साल, दोन साल. इलाज नाही म्हणे. तिनं एकच मांगलं, समुद्र दाखवा. आता समुद्र काय एका दिवसात पाहून होते?"

मी विचारलं, "माझ्या बायकोला हे माहीत नाही?"

"तिनंच सांगू नका म्हटलं. बहीण रडत बसन, मंग समुद्र कोन पाह्यन?"

पुढे बाई लुगडं घोट्यापर्यंत धरून पाण्यात उभ्या होत्या. लाट आली की मोठ्याने हसायच्या, आणि ती परतताना पार दूरवर तिच्याकडे पाहत राहायच्या. साडभाऊ जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. आम्ही एकूण अकरा दिवस राहिलो. संगमरवरी टेबलाचा विषय मी पुन्हा काढला नाही, आणि बायकोने कारण विचारलं तेव्हा पोट बिघडल्याचं सांगितलं.

दोन वर्षांनी बाईंची नजर पूर्ण गेली. मी भेटायला गेलो, तर साडभाऊ ओसरीवर रेल्वेचं वेळापत्रक पसरून बसलेले. पुरीला जायचं म्हणत होते. मी बावळटासारखा बोलून गेलो, "भाऊ, आता कशाला?"

"काहून?" ते खरोखरच आश्चर्याने म्हणाले. "मद्रासचा पाह्यला. पुरीचा आयकाचा राह्यला. चालता का?"

आतून बाई म्हणाल्या, "या ना, मास्तर. तिकडचा भात कसा अस्ते, पाहू."

मी म्हणालो, यंदा उत्तरपत्रिका आहेत, पुढच्या वर्षी नक्की. ते दोघंच गेले. परत आल्यावर बाईंनी माझ्या बायकोला सांगितलं, की पुरीचा समुद्र मद्रासपेक्षा भारी आवाजाचा आहे, आणि पहाटे तो थोडा हळू बोलतो. बायको मला हे सांगत होती, तेव्हा टेबलावर गठ्ठे बांधून ठेवलेले होते. माझे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि ते सगळे दिवस मी घरात बसून लाल पेन्सिलीने चुका शोधत होतो.